रिकाम्या फायली

मुलांनो, असं समजा की चारला तुमची पोहण्याची शर्यत आहे, साडेतीन वाजलेत आणि आई ऑफिसातल्या संगणकापुढून हलत नाही. आपल्या गोष्टीतली मुलगी अशीच धुमसत उभी होती. आईने प्रोग्रॅममधला एकच शब्द सुधारला होता, पण त्यापायी त्याचे चाळीसच्या चाळीस भाग नव्याने तयार होत होते. दर भागाची एक फाइल बाहेर पडत होती आणि शेवटची पडेपर्यंत आईला उठायची सोय नव्हती.

"ह्या फायलींत काय आहे गं?"

"काही नाही. ह्यातल्या निम्म्याहून जास्त रिकाम्याच असतात."

"मग बनवता कशाला?"

"पहिल्यापासून बनतात, बाळा. मी बंद करते म्हटलं, तर साहेब म्हणाले, चाललंय ते चालू द्या."

"म्हणजे काहीच नसलेल्या फायलींसाठी मी शर्यत सोडायची?"

मुलगी तरातरा साहेबांच्या खोलीत गेली, त्यांना हाताला धरून घेऊन आली आणि तिने आईला उठवून त्या खुर्चीवर त्यांना बसवलं.

"काका, रिकाम्या फायली तुम्हाला हव्यात ना? मग तुम्हीच थांबा. आम्ही निघालो."