पाठीमागचा मृदंग

"रस्त्यात जो छेडतो, त्याची चामड्याची बाहुली घरी कोरून आणा. एकमेकींना दाखवू नका, नावही घेऊ नका. वायांगच्या छायाखेळात पडद्यावर त्याची सावलीच बोलेल," खेळ शिकवणाऱ्या लास्त्रीबाईंनी सात मुलींना सांगितलं होतं.

खेळाच्या दिवशी पाठीमागे मृदंग घुमू लागला, तशी वेनिंगनं आपली बाहुली पाठीशी लपवली. तो आपल्या एकटीच्याच वाटेला जातो, असं तिला वाटत होतं. गाव म्हणेल, हिचंच काहीतरी असेल.

"धर गं वर, माझीही बोबडी वळलीय," शेजारची लारास कुजबुजली.

सातही जणींनी डोळे मिटून बाहुल्या दिव्यासमोर धरल्या. वेनिंगनं डोळे उघडले, तर पडद्यावरच्या सातही सावल्यांना तीच टोपी, तोच मृदंगाच्या पट्ट्यानं एका बाजूनं झुकलेला खांदा.



पाठीमागचा मृदंग वाजता वाजता थांबला.