छत्तीस गुणांचं सॉफ्टवेअर

पुन्हा तीच लाल फुली आली. ‘इन्स्टॉलेशन होऊ शकले नाही. परवाना ग्राह्य नाही.’ पद्माकररावांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि लेकीकडे पाहिलं.

“भक्ती, ऑफिसात दिवसभर हेच करतेस ना गं तू? मग घरचं एक मशीन तुझं ऐकत नाही?”

“रिस्टार्ट करून बघू, बाबा,” भक्ती म्हणाली.

तीन दिवसांतला हा सातवा रिस्टार्ट. त्याआधी तिने अँटिव्हायरस बंद केला होता, फाइल दोनदा नव्याने उतरवली होती, जुने फोटो पुसून जागा केली होती. यातल्या कशानेही काही होणार नाही, हे तिला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. पितृपक्षात नवं काही सुरू करायचं नाही, म्हणून बाबांनी कॉम्प्युटरची तारीखच मागे नेऊन अक्षय्य तृतीयेवर ठेवली होती. साडेतीन मुहूर्तांपैकी एक! परवाना घेतलेला परवा, आणि कॉम्प्युटरच्या मते अजून वैशाखच चालू. बिचारं सॉफ्टवेअर तरी काय करणार?

पण भक्तीने तोंडाला कुलूप लावलं होतं. सॉफ्टवेअर पत्रिका जुळवायचं होतं, आणि त्यात तिचे नि अनुपचे गुण बघायचे होते. अनुप पाणीगेट भागातला. चार वर्षांची ओळख, घरच्यांनाही मुलगा पसंत. नवरात्रात बोलणी करायची ठरली होती. बाबांची अट एकच, गुण निदान अठरा तरी जुळले पाहिजेत. भक्तीने गुपचूप मोबाइलवर पाहून घेतलं होतं. छत्तीसांपैकी साडेअकरा.

“राहू दे,” पद्माकरराव म्हणाले. “संध्याकाळी मांडवीला गुरुजींकडेच जाऊन येतो. त्यांच्या वहीत तुझी कुंडली आहेच.”

“मुळीच नाही.” निरुपमाबाई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या. “गुरुजींना आता नीट दिसत तरी का? कॉम्प्युटर चुकत नाही. यावरच झालं पाहिजे.”

भक्तीला आईचा भयंकर राग आला. बाबा एक वेळ कंटाळले असते, विसरलेही असते. आई म्हणजे धरलं की सोडायची नाही.

निरुपमाबाई खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा वरून खाली न्याहाळला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. “अहो, ही तारीख कसली? आपल्याकडे अजून एप्रिल चाललाय का?”

पद्माकरराव ओशाळले. “पितृपक्ष आहे ना, म्हणून जरा...”

“पितर म्हणजे कोण हो? तुमचेच आजोबा ना? ते काय पणतीच्या लग्नाला आडवे येणार आहेत?”

निरुपमाबाईंनीच तारीख बदलून आजची केली. या वेळी फुली आली नाही. हिरवी पट्टी सरकत सरकत शेवटाला पोचली.

“सरस!” पद्माकररावांनी टाळी वाजवली.

“माहिती मीच भरते,” निरुपमाबाई म्हणाल्या. “भक्ती झाली तेव्हा तुम्ही सुरतेला होतात. तुम्हाला वेळ कुठली आठवणार!” त्या एका बोटाने, पण न अडखळता टाइप करत राहिल्या. भक्ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. समोरच्या सोसायटीत कुणीतरी गाद्या वाळत घालत होतं. अनुपला काय सांगायचं, याची वाक्यं ती मनात जुळवू लागली आणि एकही पुरं होईना.

“बत्तीस!” पद्माकरराव ओरडले. “अगं भक्ती, बत्तीस गुण! चालो, पेंडे आणतो!”

चप्पल पायात सरकवता सरकवता त्यांनी मोठ्या भावाला फोन लावलासुद्धा. त्यांचा आवाज जिना उतरून खालपर्यंत गेला. त्यांच्या सगळ्या वासणा भागाला बातमी कळायला आता दुसरं कुणी नको होतं.

भक्ती धावत पडद्यापाशी आली. बत्तीसच. तिने तीनदा वाचलं. तिला हसूही येत होतं आणि डोळेही भरून येत होते. मग तिची नजर स्वतःच्या नावाखालच्या ओळीवर गेली. जन्मवेळ, सायंकाळी सहा चाळीस.

“आई, मी तर पहाटेची ना? तू ही वेळ...”

निरुपमाबाईंनी दाराकडे पाहिलं आणि चटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

“हळू बोल. तीन दिवस दुपारी मोबाइलवर वेळा बदलून बदलून बघितल्या, तेव्हा कुठे ही सापडली.”