पाहुण्याचं लक्ष

मध्यंतराची शिट्टी वाजवून ती सामानाच्या खोलीत आली, तर फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष तिच्याआधीच तिथे हजर. फरशांचं दुकान चालवणारे हे गृहस्थ एरवी कुणाच्या बापाला भीक घालायचे नाहीत. आज मात्र रुमाल पिळावा इतका घाम त्यांना फुटला होता.

"बाई, वाट लागली," ते म्हणाले. "पाहुण्याचं खेळाकडे लक्षच नाहीये. बॉल इकडे, तर हा बघतोय भलतीकडेच!"

"मग मी काय करू? मान धरून वळवू त्यांची?"

पाहुणा म्हणजे व्यावसायिक लीगचा माणूस. शहराला लीगमध्ये स्वतःचा संघ मिळणार की नाही, ते सोमवारी जाहीर व्हायचं होतं आणि ऐन आदल्या शनिवारी हा येऊन टपकला होता. 'सामना बघायला येतोय' एवढंच तो फोनवर म्हणाला होता. बाकीचं सगळ्यांनी आपापलं समजून घेतलं होतं.

त्याच्यासमोर खेळत होते शहरातले दोन जुने हौशी क्लब, हिरवे आणि पिवळे. आणि काय खेळत होते! पाहुण्याच्या धास्तीने एकेकाचे पाय जड झालेले. पुढे घुसायचं कुणी नावच घेईना. मध्यंतराला शून्य-शून्य.

दोन्ही क्लबांच्या जर्सी तीच शिवायची आणि त्यांच्या सामन्यांत शिट्टीही तीच वाजवायची. शिलाई उसवली की बोलणी खायची, शिट्टी वाजवली की बोलणी खायची. पण तिच्या निर्णयावर संशय घ्यायची कुणाची टाप नव्हती. गेल्या वर्षी अंतिम सामन्यात तिने सख्ख्या धाकट्या भावाला लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं होतं. महिनाभर घरात अबोला होता. आई दोघांना वेगवेगळ्या वेळी जेवायला वाढायची.

तोच भाऊ आज हिरव्यांच्या बचावफळीत होता. शहराला संघ मिळाला तर त्याची निवड पक्की, असं पिवळेसुद्धा कबूल करायचे. नाही मिळाला तर पुढच्या आठवड्यात तो लांबच्या शहरात गोदामात नोकरीला जाणार होता. बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. आई त्या बाजूला बघायचीच नाही आणि तीसुद्धा बघणं टाळायची.

"एक पेनल्टी द्या," अध्यक्ष हळूच म्हणाले. "कुणालाही द्या. एक गोल पडू दे, मग बघा कशी चुरस येते."

"हे तुम्ही मला सांगताय?"

"तुम्हालाच सांगतोय. दुसऱ्या कुणी दिली तर लोक बोंब मारतील. तुम्ही दिलीत म्हणजे ती खरीच असणार."

बुटाची नाडी सोडून तिने पुन्हा घट्ट बांधली.

उत्तरार्धातही तेच रडगाणं. तिने एकदा पाहुण्याकडे नजर टाकली. मानाची खुर्ची सोडून तो हिरव्यांच्या गोलच्या बाजूला एका बाकावर एकटाच बसला होता. अध्यक्षांचं खोटं नव्हतं. बॉलकडे तो बघतच नव्हता. मेलं याला आवडतं तरी काय, असं तिला वाटलं. वेळ संपत चालला होता.

एवढ्यात पिवळ्यांचा एक जण हिरव्यांच्या गोलसमोर आपल्याच पायात पाय अडकून कोसळला. तिचा भाऊ त्याच्या शेजारीच होता. त्याने त्याला शिवलंसुद्धा नव्हतं, हे तिने डोळ्यांनी बघितलं. भावाच्या बाजूने शिट्टी वाजवली तर लोक तोंडात शेण घालतील. पण भावाच्या विरुद्ध? कोण शंका घेणार?

तिने शिट्टी वाजवली आणि पेनल्टीच्या खुणेकडे बोट दाखवलं.

"ताई!" भाऊ धावत आला. मैदानावर तो तिला कायम 'रेफरी' म्हणायचा. "मी हातसुद्धा नाही लावला गं. तू बघितलंयस."

"मागे हो."

"आईची शपथ, ताई..."

"मागे हो म्हणते ना! नाहीतर कार्ड काढेन."

तो मागे झाला. पण जाताना त्याने तिच्याकडे असं काही बघितलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पेनल्टीवर गोल पडला आणि मग काय विचारता! हिरवे चवताळून उठले. भावाने हेडर मारून बरोबरी साधली. पिवळ्यांनी पुन्हा आघाडी घेतली, हिरव्यांनी पुन्हा फेडली. लोक बाकांवर उभे राहून ओरडत होते. दोन-दोन. शेवटची शिट्टी झाली तेव्हा अध्यक्ष भर मैदानात नाचत होते.

पाहुण्याने त्यांचा चहा नाकारला. तो सरळ सामानाच्या खोलीत आला आणि त्याने दार लोटून घेतलं.

"सामना झकास झाला," तो म्हणाला.

"पोरं जीव तोडून खेळली, साहेब. दम आहे या शहरात."

"आहेच. मला एकच विचारायचं होतं. पेनल्टीच्या वेळी मी अगदी समोर होतो. मला काही धक्का दिसला नाही. होते चूक, आपण माणसंच आहोत. तुम्हाला तो खरंच दिसला होता?"

बाहेर पोरांचा गलका चालला होता. त्यात भावाचा आवाज तिला वेगळा ओळखू आला. हो म्हणावं की नाही? आता माघार घेतली तर सगळंच मुसळ केरात. त्याचं जाणं अटळ.

"दिसला," ती म्हणाली. "स्पष्ट दिसला. माझा सख्खा भाऊ आहे तो, साहेब. त्याच्यावर उगाच आळ घेईन का मी?"

पाहुण्याने टोपी डोक्यावर चढवली आणि दाराच्या कडीला हात घातला.

"तुमच्या शहराला संघ मिळालाय, बाई. ते मागच्याच महिन्यात ठरलं, सोमवारी नुसतं जाहीर होईल," तो म्हणाला. "मी आज खेळ बघायला आलोच नव्हतो. लीगला एक रेफरी हवा होता."