गळतीचं सरबत

"थेंब तरी गळतोय का रे, गवस?" कोकम सरबताच्या कारखान्याचे मालक तिरोडकरशेठ बॅटरी मारून नव्या पंपाखाली बघत होते.

"गळणार कुठून, शेठ?" मी म्हटलं. "बाहेरचं चुंबक आतल्या चुंबकाला फिरवतं. दांडा जायला मधे भोकच नाही."

शेठ खूश. आम्ही कामगार मात्र सुतकात. टाकीतल्या सरबताला हात लावायला शेठची बंदी होती, पण गळलेलं कुणाचंच नव्हतं. बारा वर्षं गळक्या जुन्या पंपाखाली घासलेलं पातेलं ठेवून आम्ही रोज चारला पेलाभर प्यायचो.

चार वाजले. शेठ केबिनमधून ओरडतच बाहेर आले, "सुलभाताई, आज माझं सरबत विसरलात? तुम्ही घरून आणता ना, तशी चव आपल्या कारखान्याच्या सरबताला सात जन्मात यायची नाही!"

आमच्यातल्या सुलभाताईंनी कोरडं पातेलं उचलून नव्या पंपाखाली, रोजच्या जागी ठेवलं.

शेठ एकदा पातेल्याकडे, एकदा पंपाकडे बघत राहिले. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "गवस, जुना पंप भंगारवाल्याने नेला नाही ना?"