भिंगरी पडतेय!

"पळू नकोस, पडशील!" भिंगरीचं सगळं बालपण आईच्या या ओरड्यात गेलं. आज ती अंतराळस्थानकातून व्हिडिओ कॉलवर होती, तरी आईचा जीव टांगणीलाच.

"तिथून पडणार नाहीस ना गं?"

"आई, आम्ही सारखे पडतोच आहोत! पण पुढे इतके सुसाट पळतोय, की जेवढे खाली येतो तेवढी गोल पृथ्वीच खालून वळत जाते. जमीन लागतच नाही!"

आई फोन घेऊन तशीच जिन्याकडे धावली. दोन-दोन पायऱ्या उतरत दारं वाजवत सुटली, "अहो, ऐकलंत का? आमची भिंगरी महिनाभर पडतेय!"

"अहो काकू, सावकाश! पडाल!" खालचे शेजारी ओरडले.

"म्हणूनच तर जोरात पळतेय!"