एकोणचाळीस अंश

चष्म्याच्या दुकानदाराचा जीव फिशटँकमधल्या सात माशांत अडकलेला. वरच्या दिव्यांनी पाणी तापतं म्हणून त्याने रविवारी झाकणाला दोन इवलेसे पंखे बसवले, पाण्यात थर्मामीटर सोडला, आणि आकडा तिशीपार गेला की फोन बोंबलेल अशी सोय केली. पाणी निवलं, मासे निवले, त्याचाही जीव निवला.

“अहो, असाच एक पंखा स्वयंपाकघरात लावा की. शेगडीपुढे घामाने डोळे चुरचुरतात माझे,” बायको म्हणाली.

“लावू गं, पुढच्या महिन्यात. मुके जीव ते, त्यांना बोलता येतं का?”

“तेही खरंच. मी गेली तीन वर्षं बोलतेय, म्हणून राहून जातंय.”

सोमवारी साडेअकराला दुकानात फोन बोंबलला. एकोणचाळीस अंश! एकाच डोळ्याचा नंबर काढून झालेलं गिऱ्हाईक तसंच खुर्चीत सोडून तो अनवाणीच पळत सुटला, दोन गल्ल्या ओलांडून घराचा जिना तीन-तीन पायऱ्यांनी चढला.

टँकवर दोन्ही पंखे गुणगुणत होते. सातही मासे गार पाण्यात शेपट्या हलवत मजेत फिरत होते.

“आलात? किती पटकन आलात हो!” आतून बायकोचा लाडिक आवाज आला. “या, इकडे स्वयंपाकघरात या.”

 

शेगडीजवळच्या खिळ्याला थर्मामीटर टांगलेला होता.