बिनरोलचा फोटो

स्टुडिओवाल्या धर्मराजनं काचेच्या काउंटरवर दोन कॅमेरे ठेवले आणि वसंताची पंचाईत झाली. एक नवाकोरा, चपटा, फ्लॅश आतच असलेला. दुसरा जुना, वजनदार, डोक्यावर वेगळा फ्लॅश बसवायचा. किंमत दोन्हींची सारखीच, आणि यापेक्षा भारी कॅमेऱ्याकडं नजर टाकायचीही ऐपत नव्हती. पैसे वसंताच्या मायजवळ, दुर्गाबाईजवळ होते. ती मागं बाकावर बसली होती. जालन्यातल्या या फोटो स्टुडिओत शिरताना तिनं चपला बाहेर काढल्या होत्या. वसंताला ते दिसलं होतं, आणि दिसलंच नाही असं त्यानं केलं होतं.

बदनापूरच्या आजूबाजूच्या खेड्यांत लग्नाचे फोटो काढायचे, आणि देवाच्या मनात आलं तर पुढं व्हिडिओ शूटिंग, असा त्याचा बेत होता. आज घडीला मात्र गड्याला नुसता रोल भरता येत होता. बाकी सगळी हौसच.

"कोणता घेऊ, भाऊ?"

"लग्नंच करायचीत ना? मंग जुना घे," धर्मराज काउंटरवर वाकून हळूच म्हणाला. "नव्यात फ्लॅश उडाला की फोटो निघालाच. रोलमधी फोटो छत्तीस, आन् मांडवात माणसं चारशे. नवरदेवाची मावशी, मावशीची जाऊ, जावेचे लेकरं. समदे म्हणतेत, आमचा काढा. न्हाई म्हणलं की रुसले. ह्या जुन्याच्या फ्लॅशला मागून बटण हाय बघ. नुसतं हे दाबायचं. उजेड पडतो, माणूस खूश, रोल तसाच. खर्चा बिलकुल न्हाई."

वसंता बघतच राहिला. धर्मराजनं तो कॅमेरा उचलून बाकाकडं रोखला.

"मावशी, इकडं बघा. तुमचा फोटो काढतो."

दुर्गाबाईची एकच धांदल उडाली. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला, त्याच्याच टोकानं तोंड पुसलं, अनवाणी पाय बाकाखाली ओढून घेतले. मग मान ताठ करून, श्वास धरून ती कॅमेऱ्यात बघत बसली.

उजेड पडला.

"झकास! आठ दिवसांनी घेऊन जा."

"रंगीत निघंल का, बाबा?"

"एकदम रंगीत, मावशी." धर्मराज वसंताकडं वळला, डोळा मिचकावला आणि आवाज उतरवून म्हणाला, "रोलच न्हाई आत. आलं का ध्यानात, वसंतराव?"

आजवर कुणी त्याला वसंतराव म्हटलं नव्हतं. तेवढ्या एका 'रावा'वर गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला आणि धर्मराजच्या बरोबरीनं मोठ्यानं हसला.

दुर्गाबाईनं लेकाकडं एकदा बघितलं. मग पैशांच्या पिशवीची गाठ सोडली. जुना कॅमेरा घेतला.

बसस्टँडवर येईपर्यंत ते हसू वसंताला बोचायला लागलं. कॅमेऱ्याचा डबा मांडीवर होता आणि शेजारी बसलेल्या मायकडं मान वळवायची त्याची छाती होत नव्हती. ज्या माउलीनं पैसे दिले, तिचीच थट्टा झाली आणि आपण दात काढले. त्यानं आपल्या परीनं ठिगळ लावून पाहिलं.

"माय, घरी गेल्यावर रोल भरतो. पहिला फोटो तुझाच."

"आत्ता काढला की त्यानं."

समोरून अंबडची गाडी धूळ उडवत निघून गेली.

"त्याच्यात रोल नव्हता ना?" दुर्गाबाईनं विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"तुला कसं कळलं?"

"तू हसला तवा." तिनं पदरानं पायांवरची धूळ झटकली. "लग्नामधी बी असंच व्हतं. हे फोटोवाले उभं करतेत, उजेड पाडतेत. मंग इचारलं की म्हणतेत, रोल खराब झाला. आज वाटलं, पोरगं संगं हाय, ह्या बारीला निघंल."

वसंताला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. तो डब्याच्या दोरीशी चाळा करत राहिला.

"मी तसं न्हाई करणार, माय."

"करशील. पोट हाय." बदनापूरची गाडी लागली तशी ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "उजेड पाड. पण फोटो निघंल असं नको सांगू कोणाला. बाया वाट बघतेत."